वऱ्हांड्याकडची खाट

शिंक आवरू नका, येऊ द्या. नंदुरबार पाहुण्याला आधी नाकातून भेटतं, आणि तुम्ही तर ऐन जानेवारीत उतरला आहात. साल १९९१. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरचीच्या पथारी अंथरल्या आहेत, काही ओल्या, काही अर्ध्या वाळलेल्या. त्यांच्या मधोमध उकिडव्या बसलेल्या बाया तोंडाला पदर बांधून देठ खुडतायत. वारा सुटला की सगळा खकाणा उठून गावात शिरतो. दुकानदार शिंकतो, गिऱ्हाईक शिंकतं, भाव मात्र ठरत राहतो. इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटणार आहे. कारण ज्या देहात तुम्हाला बसवलंय त्याच्या डाव्या गालाला आतून जखम आहे, आणि ही हवा तिला लागली की कळ थेट डोळ्यात चढते.

देह कुणाचा, असं विचारू नका. कुणा एकाचा नाही. सातपुड्यातून खाली येऊन इथल्या सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात पडून गेलेल्या अनेकांचा मिळून तो केलाय. वय पन्नासच्या आसपास. नक्की तुम्हालाही माहीत नाही, केसपेपर करणाऱ्यानं तोंडाकडे बघून आकडा घातलाय. धडगावच्या वरच्या अंगाला घर, थोडी ज्वारी, थोडी भगर, चार आंब्याची झाडं, बैलजोडी. डाव्या गालात तंबाखू-चुना धरून ठेवायची सवय, ती कधीची ते आठवत नाही. आत पांढरा चट्टा उठला तेव्हा दुखत नव्हता, म्हणून लक्ष दिलं नाहीत. दुखायला लागला तेव्हा नेमकी तिथेच तंबाखू दाबलीत, कारण तंबाखूनं जागा बधिर होते. हसू नका. तुम्हीही हेच केलं असतंत. आत्ता केलंच आहे.

इथवरची वाट मी तुमच्यासाठी आखडती घेतली आहे. आधी भगताकडे एक कोंबडं गेलं, मग दुसरं. मग पाड्यापासून सडकेपर्यंत बांबूला बांधलेल्या झोळीतून तुमची वरात निघाली. दोघं पुढे, दोघं मागे, आणि तुम्हाला वर फक्त हलणारं आभाळ आणि पुढच्याच्या मानेवरचा घाम. मग खच्चून भरलेली जीप, मग शहाद्याहून एसटी. प्रकाशाच्या पुलावर तापी आली तेव्हा गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले, तुम्हीही जोडलेत. शेजारचा माणूस मात्र रुमाल नाकाला लावून खिडकीकडे सरकला. तो मिरचीमुळे सरकला असं तुम्ही स्वतःला सांगितलंत. मिरची अजून लांब होती.

नंदुरबार अजून जिल्हा नाही. धुळे जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचाय, आणि सरकारी मेडिकल कॉलेज तर २०२० सालची गोष्ट. तेव्हा ‘सिव्हिल’ म्हणजे धुळं, आणि इथे आहे तो सरकारी दवाखाना. कॅन्सरचा वेगळा वॉर्ड? डॉक्टर ऐकतील तर हसतील. पुरुषांचा एक वॉर्ड, बायकांचा एक, बाळंतिणींचा एक. तुम्ही पुरुष आहात, तुमचा वॉर्ड ठरला.

आत या. दारात पहिल्यांदा फिनेल. त्याच्याखाली ओल्या प्लास्टरचा वास, त्याच्याखाली उकळत्या सुयांच्या भांड्याची वाफ, आणि सगळ्याच्या तळाशी माणसांचा, दिवसेंदिवस एका जागी पडून राहिलेल्या माणसांचा. लोखंडी खाटा, रंग उडालेल्या. फाटक्या रेक्झिनची गादी पाठीला चिकटते. त्यावर सरकारी लाल ब्लँकेट, अंगावर घेतलं की खाजतं आणि काढलं की थंडी वाजते. प्रत्येक खाटेखाली दुसरा एक वॉर्ड आहे. तिथे नातेवाईक झोपतात, गाठोडी ठेवतात, पोरं पाजतात. तुमची बायको आणि थोरला मुलगा तिथेच आहेत. रात्री हात खाली सोडलात तर कुणाच्या तरी केसांना लागेल.

वॉर्डात नाव कुणी विचारत नाही. शेजारच्या खाटेवरचा हमाल मिरचीच्या पोत्याखाली सापडून आलाय, त्यानं सुरुवात केली, “तुले काय व्हयनं, आबा?” त्याची अहिराणी तुम्हाला अर्धी कळते. तुमची पावरी त्याला अजिबात कळत नाही. पण बोटानं गाल दाखवता येतो. तो मान हलवतो आणि स्वतःचं सांगतो. मग पलीकडचा सांगतो. ताडावरून पडलेला, मांडी मोडलेली, पायाला वजन टांगलेलं. हर्नियाचे पाटील, शहाद्याकडचे, घरून चादर आणलेले. आश्रमशाळेतला पोरगा, मलेरियानं खाट हलेपर्यंत कापणारा. आणि वॉर्डाचा खरा मानकरी, ज्याला सातपुड्यात अस्वलानं धरलं होतं. त्याची गोष्ट रोज संध्याकाळी नव्यानं सांगितली जाते आणि अस्वल रोज थोडं वाढतं.

तुमच्या एव्हाना एक गोष्ट लक्षात आली असेल. इथे प्रत्येक दुखण्याला तारीख आहे. पाटलांचे टाके आठव्या दिवशी निघणार. पोराच्या गोळ्या पाच दिवस. मांडीचं वजन सहा आठवडे. हमालाची तारीख चुकली तर मुकादम येऊन विचारून जातो. सिस्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना या तारखा पाठ आहेत, वॉर्ड त्यांच्यावरच चालतो. कोण कधी जाणार, कुणाची खाट कधी मोकळी होणार, जाताना कोण किती पेढे वाटणार. तुमची तारीख विचारली की डॉक्टर म्हणतात, “बघू.” वॉर्डात हा शब्द आणखी कुणाला लावलेला तुम्ही ऐकला नाहीत. माझं मत विचाराल तर जनरल वॉर्डातल्या कॅन्सरच्या माणसाचं पहिलं दुखणं तेच. दवाखान्याला ठाऊक असलेल्या कुठल्याच हिशोबात तो बसत नाही, आणि हे त्याला गालातल्या जखमेआधी कळतं.

राउंड आला. डॉक्टर तरुण आहेत, डोळे झोपेनं सुजलेले. रात्री बाळंतपण, पहाटे साप चावलेला, आता तुम्ही. “तोंड उघडा.” उघडत नाही. ते दोन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघतात. तीन जायला हवीत, दोनही जात नाहीत. मग जबड्याखाली चाचपतात. तिथे गाठी आहेत, सुपारीएवढ्या, दाबल्या तरी न हलणाऱ्या. “केव्हापासून?” प्रश्न मराठीत. आश्रमशाळेतला पोरगा कुडकुडत उठून बसतो आणि पावरीत विचारतो. तुम्ही सविस्तर सांगता. गेल्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला होता, त्याआधी बैल आजारी पडला होता, त्याच्याही आधी होळीला रोटी खाताना पहिल्यांदा झोंबलं होतं. पोरगा सगळं ऐकून घेतो आणि डॉक्टरांना सांगतो, “एक वर्ष.” वैद्यकाच्या इतिहासात असे कितीतरी पूर आणि बैल गळून गेलेत.

डॉक्टर तुम्हाला काही सांगत नाहीत. ते तुमच्या मुलाला बाहेर बोलावतात. दाराच्या जाळीतून तुम्हाला दोघांची पाठ दिसते. मुलाची मान एकदा खाली जाते आणि वर यायला वेळ लागतो. आत आल्यावर तो म्हणतो, “काही नाही बा, तुकडा तपासायचाय.” वॉर्डात त्या दुखण्याचं नाव मोठ्यानं कुणी घेत नाही. पाटलांच्या बायकोनं मात्र त्या दिवसापासून पाण्याचा लोटा तुमच्या बाजूच्या स्टुलावरून उचलून पलीकडे ठेवला. भांडू नका. तिला वाटतं हे लागतं. त्या वेळी अर्ध्या महाराष्ट्राला तसंच वाटतं.

तुकडा काढतात. तो क्षण मी वगळला असता, पण मग तुम्ही इथे आलात कशाला? गालात सुई, कडू औषध घशात उतरतं, चिमट्याचा गार स्पर्श, आणि कट असा एक आवाज, कवटीच्या आतून ऐकू येणारा. मग कापसाचा बोळा दाबून धरायचा. तुकडा काचेच्या लहान बाटलीत, डोळे चुरचुरवणाऱ्या पाण्यात. ती बाटली कोण नेणार? तुमचा मुलगा. तो तिला धोतराच्या फडक्यात गुंडाळतो, वर चिठ्ठी बांधतो आणि एसटीनं धुळ्याला निघतो. गाडीत बाटली मांडीवर. कुणी विचारलं तर “औषध” म्हणायचं. रिपोर्ट यायला दिवस लागतात. तोवर तुम्ही आणि वॉर्ड.

आता वासाबद्दल. टाळत होतो, पण टाळून चालणार नाही, कारण तो तुमच्या आधी सगळीकडे पोचतो. जखमेनं गालाला बाहेरून तोंड पाडलंय. मिरचीच्या खकाण्यातही तो वास वेगळा ओळखू येतो. आधी पाटलांनी घरून उदबत्त्या आणवल्या. मग एका सकाळी काही न बोलता तुमची खाट ढकलत वऱ्हांड्याच्या दाराशी नेली. कारण सांगितलं ते असं, की तिथे हवा चांगली. हवा चांगली आहेच. त्याच हवेतून मिरची येते, कुत्री येतात आणि माशी येते.

माशी विसरू नका. तीन दिवसांनी गालात काहीतरी वळवळल्यासारखं झालं. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, लाज वाटली. सिस्टरच्या लक्षात आलं. सिस्टर केरळातल्या. मराठी त्यांना वॉर्डानंच शिकवलेलं, त्यामुळे त्या डॉक्टरांना कधी ‘तू’ म्हणतात आणि झाडूवाल्याला ‘आपण’. त्यांनी पडदा मागवला. पडदा नव्हता. मग तुमच्या बायकोला आणि मुलाला चादर धरून उभं केलं. टर्पेंटाइनचे थेंब. भडका उडाल्याची आग. आणि मग एकेक अळी आपण होऊन बाहेर यायला लागली. वॉर्डबॉय चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये टाकतोय. सिस्टर नाकावर काही न बांधता अगदी जवळ वाकून बघतायत. चादरीवरून डोकावून हमाल म्हणाला, “मना बैलले बी असंच व्हयनं हुतं. जगना तो.” अख्ख्या वॉर्डात तुमच्या जगण्याबद्दल उघडपणे बोललेला तो पहिला माणूस. मग हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, गाल आतून फसफसला, आणि तुम्हाला त्या अवस्थेतही हसू आलं कारण गुदगुल्या झाल्या. सिस्टर म्हणाल्या, “हसतो काय? मला सांगायचा नाही?”

आजची एखादी वेदनाशामक उपचार करणारी नर्स अशा जखमेवर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून भुरभुरवते. दुर्गंधी करणारे जंतू मरतात आणि माणसाला पुन्हा माणसांत बसता येतं. गोळी स्वस्त. तुमच्या वेळी ती दवाखान्याच्या कपाटात होतीही, जुलाबाच्या डब्यात.

जेवणाची वेळ झाली. बाहेर कडुलिंबाखाली तीन-तीन दगडांच्या चुली पेटल्या आहेत. रुग्णांचे नातेवाईक तिथेच रांधतात. ओल्या काटक्यांचा धूर, कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास, हमालाच्या घरचा खुडा, तव्यावर ठेचलेल्या मिरच्या तडतडतायत आणि वऱ्हांड्यात सगळे खोकतायत. हे सगळं तुम्हाला हवंय. तोंडाला पाणी सुटतं आणि ते गालातल्या भोकातून बाहेर येतं. दवाखान्याचं दूध-पाव येतं. पाव दुधात भिजवून बोटानं उजव्या गालाकडे सरकवायचा, गिळायचा, अर्धा परत. बायको ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करते, चमच्यानं पाजते आणि प्रत्येक चमच्याला स्वतःचं तोंड उघडते. एकदा तिनं चुकून त्याच चमच्यानं आधी भाजी ढवळली होती. मिरचीचा एवढासा अंश. तुम्ही खाटेची कड धरून बसलात, आणि तिनं चमचा फेकला तो पाटलांच्या खाटेखाली गेला. पाटलांच्या बायकोनं तो उचलला. क्षणभर हातात धरून राहिली. मग नळावर जाऊन घासून आणून दिला. लोटा मात्र पलीकडेच राहिला.

रात्र. जनरल वॉर्डाची रात्र शांत असते असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तो तिथे राहिलेला नाही. साप चावलेला आणतात, त्याच्यामागे सगळं गाव. दारू सुटल्यामुळे हात कापणारा एक जण भिंतीवरच्या मुंग्या मोजतोय, भिंतीवर मुंग्या नाहीत. दूर सुरत–भुसावळ लाइनीवर मालगाडी लांबच लांब शिट्टी देते. आणि गालातली ठणक कानात चढते, कानातून डोक्यात, मग दातांत, जे दात तुम्हाला उरलेलेही नाहीत. ब्रुफेन दिली, उतरली नाही. फोर्टविनचं इंजेक्शन दिलं. थोडा वेळ छत वर गेलं, भिंती मऊ झाल्या, तुम्ही घरी जाऊन बैलांना पाणी पाजून आलात. मग परत ठणक. सिस्टर घड्याळ बघतात. पुढचं इंजेक्शन इतक्यात देता येत नाही.

याला लागणारं औषध आहे. मॉर्फिन. आणि गंमत अशी, कसली गंमत म्हणा, की तुमच्या घरामागचा सातपुडा ओलांडला, नर्मदा ओलांडली आणि माळव्यात मंदसौर-नीमचकडे गेलात, तर याच दिवसांत सरकारी परवान्याची अफूची शेतं फुलतात. पांढरी फुलं, मग बोंडं, बोंडांना चिरे, चीक. नीमचला त्याचा सरकारी कारखाना आहे. तिथला माल जगभरच्या दुखण्यांसाठी जातो. डोंगराच्या अलीकडे तुमच्या वॉर्डाच्या कुलूपबंद कपाटात त्यातला थेंब नाही. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. एका बाटलीसाठी इतके परवाने, इतक्या नोंदी आणि चूक झाली तर थेट तुरुंग, तेव्हा बहुतेक दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडावं लागलं. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुम्हाला एवढंच माहीत आहे की सिस्टर खाटेशी स्टूल ओढून बसल्यात, ओल्या कापसानं तुमचे ओठ पुसतायत, आणि पलीकडून हमाल अंधारात विचारतोय, “आते कसं शे, आबा?” तुम्ही हात वर करता. तेवढ्यावर तो झोपतो.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, “टाटाला न्या.” मुलानं वॉर्डात येऊन तसं सांगितलं आणि मोठीच चर्चा सुरू झाली. सातपुड्यात टाटा म्हणजे ट्रक. पुढच्या जाळीवर लिहिलेलं असतं, लाकूड भरायला येतो. अस्वलवाल्याला वाटलं, तुम्हाला ट्रकमध्ये घालून नेणार. तो म्हणाला, एसटी बरी, ट्रकमध्ये हाडं खिळखिळी होतात. पाटलांनी समजावलं, मुंबईला परळमध्ये दवाखाना आहे, मोठा, तिथे विजेनं जाळतात. “जाळतात” हे ऐकून तुमची बायको उठून बाहेर गेली. नवापूरकडचा एक जण म्हणाला, त्यापेक्षा चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात न्या, तिथे निदान हात धरून बोलतात. हमाल म्हणाला, सुरत जवळ. सगळ्यांनी मत दिलं. तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे तुम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एक बैल विकायचं ठरलं. उरलेल्याचा जोडीदार कुठून आणणार हा प्रश्न तेवढा तुम्ही विचारलात, खुणेनं.

मुंबईत मी तुम्हाला फार थांबवत नाही, ती वेगळी सफर आहे. सकाळची पॅसेंजर, शेंगदाण्याची टरफलं, नवापूरचं स्टेशन जिथे अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, सुरतेला गाडी बदलणं, आणि मग परळ. १९४१ सालापासून उभी असलेली टाटा हॉस्पिटलची इमारत, तिच्यासमोरच्या फूटपाथवर प्लास्टिकखाली राहणारी देशभरची माणसं, आणि त्यांच्यात तुम्ही. धर्मशाळेत जागा नव्हती. पण एक गोष्ट तुम्हाला तिथे पहिल्याच दिवशी कळली. रांगेत पुढच्याच्या गालाला भोक, मागच्याच्या गळ्याला, पलीकडच्या बाईच्या डोक्यावर केस नाहीत, आणि कुणी कुणापासून सरकत नव्हतं. तारीखही मिळाली. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, गालावर शाईच्या रेघा, त्या पुसायच्या नाहीत. मशीन दुखत नाही, नुसतं घुमतं. होळी तिथेच गेली. सातपुड्यातल्या माणसाची होळी मुंबईच्या फूटपाथवर गेली, यावर काय लिहिणार? तुमचा मुलगा त्या रात्री खूप वेळ मोटारींकडे बघत बसला होता.

आणि आता मे. तुम्ही परत त्याच वॉर्डात, त्याच वऱ्हांड्याकडच्या खाटेवर. मिरचीचा हंगाम सरलाय, हवेत नुसता उन्हाचा भाजका वास. घरी, डोंगरात, कैऱ्या सोलून आमचुरासाठी वाळत घातल्या असतील. गाल काळा पडलाय, तोंड कोरडं ठक्क, थुंकीचा चिकट धागा बोटानं ओढून काढावा लागतो. ठणक कमी झाली होती, दोन महिने. मग गळ्यातल्या गाठी पुन्हा वाढल्या आणि आता पाणीही उतरत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी फाइलवर इंग्रजीत काहीतरी लिहून दिलंय आणि सांगितलंय, पुढचं गावाकडे बघा. ते पुढचं म्हणजे ताप, रक्त, नळी, भूक. म्हणजे हाच वॉर्ड.

जुन्या डॉक्टरांची बदली झाली. नवे आले आहेत. ते फाइल उलटतात, एक्स-रे फोटोचं पाकीट उजेडात धरतात, परत ठेवतात. खाटांवर नवी माणसं. हमाल नाही, अस्वल नाही, पाटील नाहीत. नव्या मंडळींनी पुन्हा विचारलं काय झालं, पुन्हा त्यांच्या तारखा सांगितल्या. उष्माघाताचा एक, विहिरीत पडलेला एक. फक्त सिस्टर त्याच. त्यांनी तुम्हाला दारातून येताना पाहिलं आणि कुणाला न विचारता खाटेवरच्या वाताच्या म्हाताऱ्याला उठवून पलीकडे नेलं.

नाकातून नळी घालतात. गार, तेल लावलेली, घशाशी येते तेव्हा ओकारी, “गिळ, गिळ, गिळ,” सिस्टर ओरडतात, आणि मग ती आत असते. पहिल्यांदा पेज आत गेली तेव्हा चव काही नाही, फक्त पोटात कोमट काहीतरी पसरत गेलं. किती दिवसांनी. तुम्ही झोपलात, दुपारभर, कुलर नसलेल्या वॉर्डात, घामानं रेक्झिनला चिकटून.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावलं. जाळीतून पुन्हा त्याची पाठ. या वेळी मान खाली गेली नाही, तो नुसता ऐकत होता. “घरी न्या.” तुम्ही ते शब्द ऐकलेत. वॉर्डात आल्यापासून तुम्हाला मिळालेली ती पहिली तारीख, उद्या सकाळची.

सकाळी गडबड. वॉर्डबॉय गादी गुंडाळायला उभाच, खाटेला गिऱ्हाईक आहे, बाहेर स्ट्रेचरवर कुणीतरी कण्हतंय. रजिस्टरवर तुमचा अंगठा हवा, निळी शाई बोटाला लागते, तुम्ही ती लाल ब्लँकेटला पुसता आणि वॉर्डबॉय चिडतो. मुलगा एसटीची वेळ विचारून आलाय. तुम्हाला परत न्यायची वेळ माझीही झालीय, पण जरा थांबू, कारण सिस्टर तुमच्या बायकोला खाटेशी बसवून धडा देतायत. गॉजचं बंडल रजिस्टरवर न चढवता तिच्या पदरात. पेरॉक्साइडची अर्धी बाटली, झाकण घट्ट. इंजेक्शनची मोठी काचेची पिचकारी, दट्ट्या काढलेली, नरसाळं म्हणून.

“मावशी, इकडे बघ. त्याला बसव आधी. झोपून नाय द्यायचा, छातीत जातो. हे वर धर, एवढा वर. हळू ओत. शेवटी पाणी, साधा पाणी, नाहीतर नळी तुंबते.” बायको मान हलवते. “आणि पेज गाळून घे. कशानं गाळणार?”

बायको पदराचं टोक पुढे करते.

“चालेल. धुऊन घे. मिरचीचा हात नको लावू त्याला.”

“वर आमच्याकडे मिरची नाही,” बायको म्हणते. हे सांगायला तिला कुणी दुभाष्या लागला नाही. एवढं मराठी ती खाटेखाली झोपून शिकली.

“मग बरंय,” सिस्टर म्हणतात. “आता करून दाखव. मी बघते. पाणी घे आधी.”